शेवटचा घाव कुणाचा

पाचर हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच राहिलं. झाड करवतीने जवळजवळ कापून झालं की त्या कापात लाकडाची पाचर घालतात आणि वरून घण मारतात. घाव बसत गेले की झाड हळूहळू कलतं आणि शेवटच्या घावाला जातं. या गृहस्थांचा स्वभाव नेमका तसाच. दोन माणसं चांगली हसतखेळत उभी दिसली की हे मधे शिरणार, आणि पाच मिनिटांत दोघांची तोंडं दोन दिशांना. शिवाय पाचर मारावी तर यांनीच, असा हात. म्हणजे नाव दोन्ही अंगांनी चपखल बसलं होतं.

पन्नाशीला टेकलेला, मानेने जाड, बोलायला फटकळ. डाव्या हाताचा अंगठा तरुणपणी घणाखाली सापडला होता तो वाकडाच राहिला. बाजारात कुणी फक्त तो हात पाहिला असता तरी ओळखला असता. आवाज म्हणाल तर तीन टेकड्यांवर पोचेल असा. घरात त्याने मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात यायची, असं त्याची बायको सांगायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

या माणसाने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. एक म्हणजे झाडं पाडली आणि दुसरं म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाशी वैर केलं. दुसऱ्या कामात सुट्टीसुद्धा घेतली नाही.

बाप गेला तेव्हा त्याच्या सात करवती होत्या. दोघा भावांनी तीन-तीन घेतल्या आणि सातवी दगडावर आपटून मोडली, दुसऱ्याच्या हाती पडायला नको म्हणून. एका टोळीच्या दोन टोळ्या झाल्या. घराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. पाचरने इकडून एक फळी ठोकली की धाकटा तिकडून दोन ठोकायचा. शेवटी ती भिंत एवढी जाड झाली की दोघांच्याही खोल्या आखडल्या. धाकट्याचे ओंडके ज्या दिवशी ट्रकवर चढायचे, त्याच दिवशी पाचरच्या हातून एखादं झाड नेमकं रस्त्यावर आडवं पडायचं. मग पुढच्या आठवड्यात पाचरच्या करवतीचे दात कुणीतरी उलटे वाकवून ठेवलेले सापडायचे. कुणी वाकवले ते विचारायची गरज नव्हती. दोन्ही जावा नळावर पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि हंड्यांशी बोलायच्या.

"आमच्याकडे चोरून ऐकणारे पुष्कळ आहेत हं," एक आपल्या हंड्याला सांगायची.

"ऐकण्यासारखं काही बोला तर," दुसरी आपल्या कळशीला म्हणायची.

धाकट्यालाही लोकांनी नाव ठेवलं होतं. मुका. वास्तविक तो चांगला बोलका, उलट बोलण्यात तर थोरल्याच्या वरताण. तरी नाव मुका. ते कसं पडलं हे कळायला या लोकांची एक रीत माहीत हवी.

शेवटचा घाव मारायच्या आधी घाव मारणाऱ्याने आरोळी द्यायची: "सुटलंऽऽ!" त्याबरोबर सगळी टोळी हात थांबवते. खाली उतारावर एक माणूस उभा असतो. तो झाड पडायची वाट डावी-उजवी बघतो आणि कुणी नसेल तर ओरडतो: "मोकळंऽऽ!" ते ऐकू आल्यावरच घण खाली यायचा. आरोळी देतो तो घाव मारणारा, दुसरा कुणी नाही. इतकी साधी गोष्ट आहे. या डोंगरावर काम शिकायला आलेल्या माणसाला करवत धरायला नंतर शिकवतात, हे आधी.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी एका मोठ्या झाडाच्या कापात दोन पाचरी घातल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. इकडे थोरला, वय सत्तावीस. तिकडे धाकटा, वय एकोणीस. झाड कुणाच्या घावाने जातं यावर दोघांची पैज लागली होती. तेव्हा त्यांचं बरं चाललं होतं. म्हणजे भांडायचे, पण हसून. एक घाव याचा, एक त्याचा, पुन्हा याचा. बाप खाली उतारावर होता. एका बुंध्यावर विसरलेली कानस आणायला तो कुणाला न सांगता परत वळला होता. आरोळी झाली नाही. झाड गेलं.

कचेरीत चौकशी झाली. साहेबाने विचारलं, शेवटचा घाव कुणाचा? धाकटा रडत होता. त्याला धड काही सांगता येईना. "दोघंही मारत होतो," एवढंच तो म्हणत राहिला. थोरल्याने खाली बघून सांगितलं, "याचा."

संपलं. ज्याचा घाव त्याची आरोळी; ज्याने आरोळी दिली नाही तो मुका. पोरगा एकोणीसचा होता, आता एक्केचाळीसचा झाला, अर्धं डोकं पांढरं झालं, तरी मुकाच. त्याच्या टोळीत माणसं येताना दोनदा विचार करायची. त्याच्या सासऱ्यानेसुद्धा लग्नाआधी त्याला आरोळी द्यायला लावून पाहिली होती म्हणतात.

आणि पाचरला ठाऊक होतं. आपल्या हाताने मारलेला घाव कुणी विसरत नाही. पाचरीचा आवाज बदलला होता, बद् बद् येत होता तो एकदम टणत्कारला होता. आता पुढच्या घावाला झाड जाणार, हे त्याला कळलं होतं. आरोळी द्यायची तर थांबावं लागलं असतं. तेवढ्यात धाकट्याने जोर लावला असता तर? नाही थांबला. एका पैजेसाठी नाही थांबला. नंतर स्वतःला त्याने शंभर तऱ्हांनी समजावलं, पण त्या टणत्काराचं काही करता आलं नाही.

तेव्हापासून एक झालं. पाचरची आरोळी कधी चुकली नाही. चुकली नाही म्हणजे काय, नको तिथेही यायला लागली. कुंपणाचा कुजका खांब काढतानाही हा छाती भरून "सुटलंऽऽ!" करायचा आणि मग कुणी "मोकळं" म्हणेपर्यंत ताटकळत उभा.

"अहो, खांब आहे तो," बायको आतून म्हणायची. "मुंगी तरी मरेल का त्याखाली?"

"तू मोकळं म्हण आधी."

"मोकळं! मोकळं! आता पाडा आणि जेवायला या."

लोकांना वाटायचं, बापाच्या आठवणीने करतो बिचारा. धाकटा ते भिंतीपलीकडून ऐकायचा आणि त्याला तसं वाटत नसे.

मग त्या डोंगरावर सिनेमावाले आले.

तो काळ काळ्या-पांढऱ्या सिनेमाचा. कपाटाएवढा कॅमेरा बैलगाडीतून वर चढवला, जनरेटर आला, तंबू लागले. लाकूडतोड्यांच्या एका घराण्यातली भाऊबंदकी असा काहीतरी विषय होता. दिग्दर्शक म्हणजे जाड चष्म्याचा, गळ्याशी मफलर, सतत घाईत. मोठ्या भावाचं काम करणारा नट देखणा होता, पण घण असा उचलायचा की जणू भाजीची पिशवी. दोन दिवस बघून चष्मेवाल्याने कपाळ बडवलं आणि मुकादमाला म्हणाला, "चेहरा याचा घेतो. मला घण मारणारे हात द्या."

मुकादम पाचरकडे आला. "तुझे हात सिनेमात हवेत म्हणतात."

"माझेच का?"

"कुणीतरी सांगितलंय त्यांना, या डोंगरावर पाचर मारावी तर तूच म्हणून."

कुणी सांगितलं, हे त्याने विचारायला हवं होतं. पण स्तुती ऐकल्यावर चौकशी करायची सवय त्याला नव्हती. त्या संध्याकाळी तो बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेला आणि भेटेल त्याला हात दाखवून आला. भिंतीजवळ उभा राहून मुद्दाम मोठ्यांदा म्हणाला, "काही लोकांचा उभा जन्म गेला, कुणी त्यांची नखंसुद्धा मागितली नाहीत!" पलीकडून उत्तर आलं नाही. हे नेहमीसारखं नव्हतं, पण तो आपल्याच तोऱ्यात होता. बायकोने रॉकेलने घासघासून त्याच्या बोटांवरचा वर्षानुवर्षांचा डिंक काढला. सकाळी चष्मेवाल्याने ते स्वच्छ हात पाहिले आणि किंचाळला, "हे कुणी केलं? पुन्हा घाण करा!"

डोंगराच्या कडेला एक जुनं उंच झाड त्यांनी निवडलं होतं. एकच होतं तसं, आणि ते एकदाच पडणार होतं. पाचरच्या टोळीने पहाटेपासून खाच पाडली, मागून करवत चालवली, पाचर बसवून ठेवली. दोन्ही टोळ्या बघायला जमल्या होत्या, साठेक माणसं, आपापल्या बाजूला तोंडं वाकडी करून. खाली सत्तर पावलांवर, पडायच्या वाटेच्या कडेला खडकावर धाकटा उभा होता. मुकादमाने त्याला वाटेवर लक्ष ठेवायला तिथे नेमलं होतं. म्हणजे त्यानेच आपण होऊन मागून घेतलं होतं.

"त्याला कशाला उभा केलाय?" पाचर गुरगुरला. "दुसरी माणसं मेली काय?"

"झेंडी सिनेमावाल्यांच्या माणसाच्या हातात आहे, तुला काय करायचंय?" मुकादम म्हणाला. "सगळं ठीक असलं की तांबडी झेंडी खाली होईल. तू मार."

पाचरला नटाचा कोट चढवला. दिग्दर्शकाचा मदतनीस हातात कागद घेऊन आला आणि प्रसंग समजावू लागला.

"हे बघा काका, तुम्ही थोरले भाऊ. समोर धाकटा. दोघांत चुरस आहे. खाली तुमचे वडील आहेत, काहीतरी विसरलेलं आणायला गेलेत. तुम्हाला कळतं की आता शेवटचा घाव. इथे आरोळी द्यायची असते, पण तुम्ही देत नाही. मारता. वडील जातात. आणि नंतर तुम्ही धाकट्यावर ढकलता."

पाचरच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही गोष्ट कुणाची?"

"आमच्या लेखकाची. म्हणजे इथेच कुणीतरी चहा पिता पिता सांगितली त्याला. जबरदस्त आहे ना?"

पाचरने खाली पाहिलं. धाकटा हाताची घडी घालून उभा होता, आणि एवढ्या लांबूनही तो आपल्याकडे बघतोय हे कळत होतं. आता कुठे पाचरच्या डोक्यात प्रकाश पडला. हात कुणी सुचवले, भिंतीपलीकडून उत्तर का आलं नाही, सगळं.

निघून जावं? मग साठ माणसं विचारणार, का गेलास? घाव मारावा? मग हा वाकडा अंगठा गावोगावच्या पडद्यावर दिसणार, आरोळी न देता घाव मारताना. आपल्या गावात तर पोरंही म्हणतील, हे पाचरचे हात.

"हातमोजे मिळतील का?" त्याने विचारलं.

"हातमोजे?" चष्मेवाला लांबून ओरडला. "अहो, हातच तर हवेत मला!"

हरामखोर, पाचर मनात म्हणाला; चष्मेवाल्याला की भावाला, ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली. सिनेमा आहे. सिनेमात राजेही असतात, भुतंही असतात, कोण खरं मानतं? आरोळी द्यायची नाही एवढंच ना, नाही देत. एकदा नाही दिली, अजून एकदा नाही. बावीस वर्षं पचवलंय, हेही पचवीन. त्याने तळहातावर थुंकून घण उचलला.

कॅमेरा घरघरू लागला. तांबडी झेंडी खाली झाली.

पहिला घाव. दुसरा. हात कामाला लागले तसं त्याला बरं वाटलं. बद्, बद्, पाचर आत सरकत होती, वर शेंडा हलत होता. सहावा, सातवा. आठव्या घावाला पाचर टणत्कारली.

त्याने घण डोक्यावर उचलला आणि छाती आपोआप भरली.

"सुटलंऽऽ!"

साठ माणसांनी साठ ठिकाणी हातातलं होतं ते थांबवलं. एक जण विडी पेटवत होता, त्याची काडी बोटापर्यंत जळली. डोंगर गप्प झाला. पाचर घण उचलून उभा राहिला, खालच्या उत्तराची वाट बघत.

खालून उत्तर आलं नाही.

"मारा!" चष्मेवाला ओरडला. "थांबू नका! आवाज नंतर भरतो आम्ही, मारा!"

"खालून मोकळं आलं नाही."

"झेंडी दाखवली ना तुम्हाला!"

"झेंडीला काय करू? माणूस बोलू दे."

झाडाच्या कापातून कर्रर्र असा आवाज आला. मुकादमाने वर पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. वारा फिरला असता तर झाड मागे बसलं असतं, नाहीतर पिळून कॅमेऱ्यावर आलं असतं. "अरे मार बाबा, वाट मोकळी आहे!" तो म्हणाला. पण मुकादम वर होता. वरच्याने सांगून चालत नाही. खालच्याने सांगायला हवं.

"ए मुक्या!" पाचर गरजला. "बोल की!"

धाकटा खडकावरून हलला नाही. तो ओरडलाही नाही, पण एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू आलं.

"आधी तू बोल. त्या दिवशी शेवटचा घाव कुणाचा?"

"ही वेळ आहे का विचारायची?"

"बावीस वर्षांत तू दुसरी दिली नाहीस."

"झाड पडेल रे कुणाच्या तरी अंगावर!"

"मग मार. कुणी धरलंय तुला? न विचारता मारायची सवय आहे तुला."

पाचरने घण मारायचा प्रयत्न केला. खरंच केला. वाट मोकळी आहे हे त्याला दिसत होतं, झेंडी पडली होती, दिग्दर्शक बोंबलत होता, कशाचीच आडकाठी नव्हती. पण हात खांद्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. आरोळी दिली होती. उत्तर आलं नव्हतं. अशा वेळी घण खाली आणायचा म्हणजे काय, हे साठ माणसांना माहीत होतं आणि त्या साठांपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. पुन्हा कर्रर्र झालं. घाम डोळ्यांत उतरला. बावीस वर्षं ज्या भावाचा तो मनोमन गळा धरत आला होता, तो सत्तर पावलांवर निवांत उभा होता, आणि त्याच्या एका शब्दावाचून याचा हात चालत नव्हता.

"माझा," पाचर म्हणाला.

तीन टेकड्यांवर पोचणारा आवाज शेजारच्या बुंध्यापर्यंतही गेला नाही.

"ऐकू नाही आलं!" मागून कुणीतरी ओरडलं. धाकट्याच्या टोळीतलं कुणी नव्हे. त्याच्या स्वतःच्या टोळीतला, पंधरा वर्षं त्याच्याबरोबर करवत ओढणारा माणूस होता तो.

"माझा होता!" पाचर ओरडला, आणि मग थांबता येईना. "शेवटचा घाव माझा होता! आरोळी दिली असती तर थांबावं लागलं असतं, म्हणून नाही दिली! बाबा खाली आहेत हे मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंच नाही! आणि कचेरीत नाव याचं घेतलं! झालं समाधान? बोल आता!"

धाकट्याने आधी वर जमलेल्या माणसांकडे पाहिलं, या टोळीकडे, मग त्या टोळीकडे, एकेका तोंडाकडे, सगळ्यांनी ऐकलंय याची खात्री करून घेत. मग तो खडकावरून उतरला. झाड पडायच्या वाटेच्या कडेकडेने तो पार खालपर्यंत चालत गेला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एका बुंध्याच्या मागे वाकून बघितलं. बाप जिथे सापडला होता तिथे असाच एक बुंधा होता. परत कडेला येऊन धाकट्याने तोंडापाशी हात नेला.

"मोकळंऽऽ!"

अनोळखी टोळीतल्या माणसाला द्यावं तसं ते उत्तर होतं, ना कमी ना जास्त. पाचरने घण मारला. झाड गेलं, बरोबर जिथे जायचं तिथे. डोंगर हादरला, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा खडकाजवळ कुणी नव्हतं.

पाचर कापलेल्या बुंध्यावर बसला. त्याच्या टोळीतली माणसं करवती उचलत होती. पंधरा वर्षांचा जोडीदार त्याच्या समोरून गेला, त्याने करवत दुसऱ्या खांद्यावर घेतली, म्हणजे मान या बाजूला वळवायला नको. कुणी "चल" म्हणालं नाही. शिवी दिली असती तरी त्याला चाललं असतं. उलट दोन देऊन मोकळा झाला असता.

चष्मेवाला मात्र धावतच आला आणि त्याने पाचरचे दोन्ही हात हातात घेतले.

"काय थांबलात हो! घण वरच्या वर, हात असे कापतायत, वा! मला सुचलं नसतं. आणि तुमच्या त्या ओरडण्याची मुळीच काळजी करू नका. इथला आवाज आम्ही घेतच नाही. सिनेमात त्यातलं काही येणार नाही, कुणाला कळायचंसुद्धा नाही."

पाचरने आपले हात सोडवून घेतले. खाली वाटेवर साठ माणसं गावाकडे निघाली होती.